एमएस ऑफिसला परवडणारा पर्याय कोणता? घरचा एकच पीसी, मराठी प्रश्नपत्रिका आणि सोसायटीचा हिशोब

विश्रामबागी :

नमस्कार मंडळी. दहा-बारा दिवस हाच विषय डोक्यात घोळतोय, इथे जाणकार बरेच आहेत म्हणून विचारतो. थोडं लांबण लागेल पण सगळं सांगितल्याशिवाय तुम्हाला तरी सल्ला कसा देता येणार.

आम्ही सांगलीत, विश्रामबागला. घरी एक डेस्कटॉप आहे, आय थ्री आठव्या जनरेशनचा, आठ जीबी रॅम, मागच्या वर्षी एसएसडी टाकली आणि विंडोज ११ करून घेतलं. मशीनची काही तक्रार नाही. त्यावर तीन कामं होतात. बायको आठवी ते दहावीच्या गणित आणि मराठीच्या शिकवण्या घेते, तिच्या बारा वर्षांच्या प्रश्नपत्रिका वर्डमधे आहेत. मी सोसायटीचा खजिनदार, चोवीस फ्लॅट, मेंटेनन्सची शीट एक्सेलमधे. आणि मुलगी एफवायला आहे, तिला अधूनमधून प्रेझेंटेशन करायचं असतं.

दोन वर्षांपूर्वी ऑनलाइन एका विक्रेत्याकडून साडेसहाशे रुपयांना ऑफिसची 'लाइफटाइम' की घेतली होती. इतके दिवस नीट चाललं. गेल्या महिन्यात सराव परीक्षेच्या आदल्या रात्री हिने वर्ड उघडलं तर वरती 'अनलायसन्स्ड प्रॉडक्ट' अशी पट्टी, फाइल उघडते, दिसते, पण एक अक्षर टाइप होईना. सकाळी साडेसातला चाळीस पोरं येणार. विक्रेत्याचा फोन बंद. शेवटी रात्री अकरा वाजता हिने फुलस्केपवर काळ्या पेनने दोन्ही पेपर हाताने लिहिले, त्रिकोणाच्या आणि वर्तुळाच्या आकृत्या मी कंपासने काढून दिल्या आणि सकाळी सहाला झेरॉक्सवाल्याच्या घरी जाऊन त्याला उठवलं. पेपर वेळेत झाला. पण नंतर ही म्हणाली, माझी बारा वर्षांची मेहनत कुणा तिऱ्हाइताच्या हातात आहे हे मला चालणार नाही. तिचं बरोबर आहे.

तर आता काय घ्यावं? बजेट एकदाच दीड-दोन हजार, दरवर्षी भरत बसायला नको. फुकट असेल तर उत्तमच, पण कायदेशीर पाहिजे. मराठी टायपिंग नीट झालं पाहिजे ही मुख्य अट.

कुपवाड_नाका :

दादा, मी कॉम्प्युटर दुरुस्तीच्याच धंद्यात आहे, अठरा वर्षं झाली, महिन्याला अशा दोन-तीन केसेस माझ्याकडे येतात. त्या स्वस्तातल्या की म्हणजे बहुतेक वेळा कुठल्यातरी मोठ्या कंपनीला नाहीतर कॉलेजला मिळालेल्या व्हॉल्यूम लायसन्सच्या असतात, एकच की शेकडो लोकांना विकायची, मग मायक्रोसॉफ्टच्या लक्षात आलं की ती ब्लॉक होते. त्यात 'लाइफटाइम' हा शब्द फक्त जाहिरातीपुरता. दुसरं म्हणजे अ‍ॅक्टिव्हेटर (की नसताना ऑफिस चालू करणारा चोरटा प्रोग्राम) टाकून देणारे, ते आधी अँटिव्हायरस बंद करायला लावतात. अँटिव्हायरस बंद करून कुठल्याही अनोळखी माणसाचं सॉफ्टवेअर चालवायचं म्हणजे घराची किल्ली रस्त्यावर ठेवल्यासारखं आहे, त्याच मशीनवर तुम्ही बँकेचं पण उघडता ना.

आणखी एक सांगून ठेवतो. ऑफिस २०१६ आणि २०१९ यांचा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, म्हणजे सुरक्षेचे अपडेट येत नाहीत. त्यामुळे कुणी 'जुनं ओरिजिनल स्वस्तात देतो' म्हणालं तरी घेऊ नका.

मिरज_जंक्शन :

विश्रामबागी, सरळ लिबरऑफिस टाका. मी २०१५ पासून वापरतोय, घरी पण आणि माझ्या छोट्या ऑफिसात पण. एक रुपया नाही, की नाही, नोंदणी नाही, मुदत नाही. घरासाठी वेगळं आणि धंद्यासाठी वेगळं असं पण नाही, त्याच्या लायसन्समधे दोन्ही चालतं. वर्डच्या जागी रायटर, एक्सेलच्या जागी कॅल्क, पॉवरपॉइंटच्या जागी इम्प्रेस.

कुठून आलं म्हणाल तर जर्मनीतल्या एका कंपनीचं स्टारऑफिस होतं, ते १९९९ मधे अमेरिकेतल्या सन कंपनीने विकत घेतलं आणि त्याचं ओपनऑफिस झालं. पुढे सनच ओरॅकलकडे गेली तेव्हा काम करणाऱ्या बऱ्याच लोकांनी २०१० मधे वेगळं होऊन लिबरऑफिस काढलं, आता बर्लिनची डॉक्युमेंट फाउंडेशन ते चालवते. हे सांगायचं कारण म्हणजे नेटवर अजून ओपनऑफिस पण सापडतं, नाव ओळखीचं म्हणून लोक तेच उतरवतात. ते नका घेऊ, त्याचं काम जवळपास थांबल्यासारखं आहे, ४.१ ही आवृत्ती २०१४ ची आणि अजून ४.१ च्याच पुढच्या दुरुस्त्या चालल्यात. लिबरची दर सहा महिन्यांनी नवी आवृत्ती येते.

उतरवताना लिबरऑफिस डॉट ऑर्ग याच साइटवरून उतरवा, शोधल्यावर वरती जाहिरातीत जे येतं तिथून नको.

तासगावचा_बेदाणा :

लिबर चांगलं हाय, मी न्हाई म्हणत न्हाई, पर एक गोष्ट आधी इचारा स्वतःला. तुमच्याकडं मॅक्रोवाल्या, म्हंजी आत आपोआप चालणारे छोटे प्रोग्राम असलेल्या, फायली येत्यात का? माझं बेदाण्याचं काम हाय, सीए जीएसटीआर-९ ची, म्हंजी जीएसटीच्या वर्षाच्या रिटर्नची, ऑफलाइन फाइल पाठवतो, ती एक्सेलचीच लागती. उघडली की पिवळी पट्टी येती, एनेबल म्हणायचं, मग आतली बटणं चालत्यात. मी लिबरमधे उघडून बघितली, दिसली समदी पर बटणं काय हालंनात. त्यो दिवस माझा वाया गेला. म्हणून मी एका मशीनवर खरं एक्सेल ठेवलंय, पैसं भरून, आणि बाकी दोन मशीनवर लिबर. वजनाच्या चिठ्ठ्या, शेतकऱ्याच्या पट्ट्या, कोल्ड स्टोरेजचा माल, समदं कॅल्कमधी, कायबी अडत न्हाई.

सोसायटीच्या शीटला मॅक्रो नसणार, त्यामुळं तुम्हाला काळजी न्हाई.

विश्रामबागी :

मॅक्रो नाहीत. साधी बेरीज, कुणाचं किती थकलं आणि व्हीलूकअप (फ्लॅट नंबरवरून रक्कम शोधून आणणारं सूत्र) एवढंच. ते चालतं ना?

मिरज_जंक्शन :

व्हीलूकअप तर पहिल्यापासून चालतं. एक्सेलमधली एक्सलूकअप आणि फिल्टर ही नवी सूत्रं पण २४.८ या आवृत्तीपासून आलीत, म्हणजे ऑगस्ट २०२४ पासून. (२०२४ पासून त्यांनी वर्ष आणि महिना असेच नंबर द्यायला सुरुवात केली, त्यामुळे आपली आवृत्ती किती जुनी ते लगेच कळतं.) फक्त सेटिंगमधे लोकेल (भाषा आणि देश) इंग्लिश इंडिया करून ठेवा, म्हणजे रकमांचे स्वल्पविराम लाखाच्या हिशोबाने पडतील.

गावभाग :

लिबरशिवाय पण तीन आहेत आणि तिन्ही मी वापरून बघितलेत, म्हणून लिहितो.

ओन्लीऑफिस डेस्कटॉप एडिटर्स : फुकट, ओपन सोर्स, दिसायला अगदी वर्डसारखं, वरती त्याच रिबिनी, म्हणजे बटणांच्या पट्ट्या. वर्डची डॉक्सएक्स फाइल हाच त्याचा मूळ फॉरमॅट, त्यामुळे फाइल सारखी दुसऱ्याकडे जाऊन परत येत असेल तर मांडणी कमी हलते. ज्याला मेनू बदलले की गोंधळायला होतं अशा माणसाला हेच द्यावं, माझ्या वडिलांना मी हेच दिलंय आणि त्यांना दोन दिवसांत जमलं. मात्र लिबरमधे सेटिंगं आणि खोलातल्या सोयी जास्त आहेत.

फ्रीऑफिस : जर्मन सॉफ्टमेकर कंपनीचं. घरी, धंद्याला दोन्हीकडे फुकट, ईमेल देऊन की मागवावी लागते, ती त्यांच्याकडूनच येते आणि खरी असते. हलकं आहे, जुन्या मशीनवर पळतं. सुरुवातीलाच विचारतं की जुन्या पद्धतीचे मेनू पाहिजेत का रिबिन.

डब्ल्यूपीएस : चिनी किंगसॉफ्टचं. दिसायला देखणं, पण फुकटच्या आवृत्तीत जाहिराती येतात आणि काही कामाच्या गोष्टींना मधेच पैसे मागतं. मुलीच्या परीक्षेच्या टायमाला जाहिरात उघडलेली मला पटली नाही, काढून टाकलं.

राजवाडा_सातारा :

तुम्ही सगळे इन्स्टॉल करायच्याच गोष्टी का करताय? घरी वायफाय असेल तर गूगल डॉक्स आणि शीट्स वापरा. सोसायटीची शीट तर तिथेच पाहिजे, चेअरमन आणि सेक्रेटरीला नुसती बघायची परवानगी देऊन टाकायची, दर महिन्याला 'माझं किती बाकी' म्हणून फोन येणं बंद होतं. आमच्या साताऱ्यातल्या सोसायटीत आम्ही हेच केलंय. नाहीतर आपल्या चेन्नईच्या झोहोचं रायटर, शीट, शो आहे, तेही चांगलं आहे. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं वर्ड-एक्सेल पण ब्राउझरमधे फुकट मिळतं, नुसतं अकाउंट काढायचं, फक्त त्यात मॅक्रो चालत नाहीत आणि जागा ५ जीबी. गूगलची १५ जीबी, पण ती जीमेल आणि फोटो धरून.

मुलीसाठी पण बघा, कॉलेजने विद्यार्थ्यांना कॉलेजचा ईमेल दिला असेल तर त्यावर ऑफिसची ऑनलाइन आवृत्ती फुकट मिळू शकते.

गावभाग :

फाइली ऑनलाइन ठेवण्याला माझा दुजोरा, आणि कारण सांगतो. २०१९ च्या ऑगस्टात सांगलीत कृष्णेवरच्या आयर्विन पुलाजवळ पाणी ५७ फुटांच्या वर गेलं तेव्हा आमच्या तळमजल्यावर छातीइतकं पाणी होतं. आम्ही माणसं आणि कागदपत्रं काढली, सीपीयू टेबलावर ठेवला, टेबलावर पाणी येणार नाही असं वाटलं होतं. नऊ दिवसांनी घरी आलो तर आत गाळ. त्यात माझ्या बहिणीचा पीएचडीचा तीन वर्षांचा डाटा होता, पेनड्राइव्हवर निम्माच सापडला. तेव्हापासून मी कुठलंही ऑफिस वापरा म्हणतो, पण फाइलची एक प्रत घराबाहेर पाहिजे, मग गूगल ड्राइव्हवर ठेवा नाहीतर उंचावरच्या नातेवाइकाकडे हार्डडिस्क ठेवा.

विश्रामबागी :

सगळ्यांचे आभार. काल रात्री लिबरऑफिस टाकलं, वीसेक मिनिटांत झालं. कॅल्कमधे सोसायटीची शीट जशीच्या तशी उघडली, बेरजा जुळल्या, तो विषय मिटला.

पण प्रश्नपत्रिकांचा घोळ झालाय आणि हिचा विरस झालाय, म्हणून लगेच लिहितोय. दहावीचा एक पेपर उघडला. वर्डमधे दोन पानांत बसायचा, इथे तीन पानं झाली. प्रश्नांपुढचे गुण उजव्या कडेला एका रेषेत असायचे, ते कुठे आत कुठे बाहेर, दोन ठिकाणी तर खालच्या ओळीवर गेले. जोड्या लावा मधला 'ब' गट सगळा विस्कटला. स्टाइलमधे जाऊन अक्षर १४ केलं तर इंग्रजी आणि आकडे मोठे झाले, मराठी आहे तेवढंच. आणि मुलीच्या मैत्रिणीच्या लॅपटॉपवर २०१४ चा पेपर उघडून बघितला तर मराठीच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला. आमच्या मशीनवर मात्र तो नीट दिसतो. आता हे लिबरचं दुखणं म्हणायचं का आमच्या फाइलींचं?

खडूफळा :

विश्रामबागी, वहिनींना सांगा धीर सोडू नका, मी याच वाटेने गेलोय. मी मराठी शाळेत शिक्षक, प्रश्नपत्रिका काढण्यात सगळी हयात गेली म्हटलं तरी चालेल. पान वाढलं ते सोडून तुम्ही जे चार प्रकार लिहिलेत त्यातले तीन फाइलींचे आहेत आणि एक लिबरच्या सेटिंगचा. एकेक घेऊ, कारण हे नीट केलं तर उद्या लिबर सोडून दुसरं काही घेतलंत तरी परत त्रास नाही.

गुणांचं आधी. पेपर उघडा आणि कंट्रोल एफ टेन दाबा. न दिसणाऱ्या खुणा दिसायला लागतील. प्रश्न संपल्यावर आणि गुणांच्या आकड्याच्या आधी बारीक ठिपक्यांची रांग दिसेल बघा, वीस-पंचवीस ठिपके. म्हणजे वहिनींनी स्पेसबार दाबत दाबत गुण उजवीकडे ढकललेत. आपण सगळ्यांनी हेच केलंय, टायपिंगच्या क्लासला मशीनवर तसंच शिकवायचे. पण कॉम्प्युटरवर स्पेसची रुंदी फॉन्टप्रमाणे बदलते, जरा सॉफ्टवेअर बदललं, प्रिंटर बदलला की रांग हलते. त्याऐवजी वरच्या पट्टीवर उजव्या टोकाला एक राइट टॅब लावायचा आणि प्रश्न लिहून झाल्यावर एकदाच टॅब दाबून गुण लिहायचे. मग तो आकडा कुठल्याही मशीनवर त्याच रेषेत राहतो. जोड्या लावा साठी दोन रकान्यांचं टेबल करून त्याच्या रेघा काढून टाकायच्या.

आता मराठी अक्षर मोठं न होणं. लिबर देवनागरीला वेगळ्या गटात धरतं, त्याला कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट म्हणतात. टूल्स, ऑप्शन्स, तिथे लँग्वेजेसमधे त्याच्यापुढे टिक करा आणि भाषा मराठी निवडा, हिंदी नको. मग स्टाइलमधे फॉन्टचे दोन कप्पे दिसतील, एक इंग्रजीचा आणि एक कॉम्प्लेक्सचा, मराठीचा आकार त्या दुसऱ्या कप्प्यात बदलायचा. हे मला कळायला सहा महिने लागले, तोवर मी एकेक ओळ सिलेक्ट करून मोठी करत होतो. भाषा मराठीच निवडा म्हणालो त्याला कारण आहे, नोटो सान्स देवनागरीसारखा फॉन्ट असेल तर भाषा मराठी ठेवल्यावर ल आणि श आपल्या मराठी वळणाचे येतात, हिंदी ठेवली की हिंदी वळणाचे. पाचवीच्या पोराला पाटीवर जो ल शिकवला तोच पेपरात छापलेला असावा असं मला फार वाटतं.

आणि तो काला. ते जुने फॉन्ट आहेत, श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव असलं काहीतरी. त्यात मराठी मराठी म्हणून साठवलेलंच नसतं, आत इंग्रजी अक्षरांचे आणि चिन्हांचे कोड असतात आणि फॉन्ट त्यांच्यावर मराठीचं चित्र चढवतो. ज्या मशीनवर तो फॉन्ट आहे तिथे मराठी, नाही तिथे काला. म्हणजे त्या लॅपटॉपवर वर्ड असतं तरी कालाच दिसला असता. ओळखायचं कसं? फाइलीतला एक शब्द सिलेक्ट करून फॉन्ट 'मंगल' हा करा. मराठीच राहिला तर युनिकोड, म्हणजे मराठी मराठी म्हणूनच साठवणारी आजची पद्धत, इंग्रजी झाला तर जुना.

विश्रामबागी :

खडूफळा सर, आत्ता करून बघितलं. २०१३ ते २०१६ चे सगळे पेपर मंगल केल्यावर इंग्रजी झाले. तेव्हा आम्ही डीटीपीवाल्याकडून टाइप करून आणायचो, नंतर हिने स्वतः टायपिंग सुरू केलं ते मंगलमधे. म्हणजे जुने साधारण सत्तर पेपर असतील. त्यांचं काय करू?

खडूफळा :

कन्व्हर्टर मिळतात, प्रत्येक जुन्या फॉन्टसाठी वेगळा, म्हणून आधी फॉन्टचं नेमकं नाव बघून घ्या. पण कन्व्हर्ट केलेलं डोळे मिटून वापरू नका. माझ्या अनुभवात रफार, र्‍हस्व वेलांटी आणि ज्ञ, क्ष, द्य, ट्र असली जोडाक्षरं हमखास चुकतात, 'विद्यार्थी' हा शब्द आधी तपासायचा. सत्तरच्या सत्तर करू नका. जे पेपर पुन्हा लागतील तेवढेच करा, रोज एक, बाकीचे आत्ता तुमच्या मशीनवर नीट दिसतायत तोवर पीडीएफ करून ठेवा. पीडीएफमधे फॉन्ट आतच जातो, दहा वर्षांनी पण वाचता येईल.

नवीन टायपिंगसाठी काही विकत घ्यायला नको. विंडोजमधेच मराठीचा फोनेटिक (इंग्रजी अक्षरांनी उच्चाराप्रमाणे टाइप करायचा) कीबोर्ड आहे, २०१९ च्या अपडेटपासून, सेटिंगमधे भाषा मराठी जोडली की मिळतो. ज्यांना इनस्क्रिप्ट हा भारतीय भाषांचा ठरलेला कीबोर्ड येतो त्यांनी इनस्क्रिप्टच ठेवावं.

कुपवाड_नाका :

झेरॉक्सच्या दुकानात पण पीडीएफच न्या. तिथल्या मशीनवर कुठलं वर्ड आहे, कुठला फॉन्ट आहे आपल्याला माहीत नसतं. आणि पेनड्राइव्ह परत आणल्यावर स्कॅन करा, माझ्याकडे येणारे निम्मे व्हायरस त्या वाटेने येतात.

एकशेफुटी_रोड :

मी जरा वेगळं बोलतो, राग मानू नका. हा सगळा खटाटोप, टॅब लावा, कन्व्हर्ट करा, सेटिंग शोधा, यात वहिनींचे किती तास जाणार? त्यांच्या तासाला काही मोल आहे का नाही? ऑफिस होम २०२४ एकदाच पैसे भरून मिळतं, ते घ्या आणि मोकळे व्हा. बजेटच्या वर जाईल पण ऑक्टोबर २०२९ पर्यंत सपोर्ट आहे, तोवर बघायला नको. किंवा कुटुंबाचं मायक्रोसॉफ्ट ३६५ (दरवर्षी पैसे भरायचं) घेतलंत तर सहा जणांत चालतं, प्रत्येकाला १ टीबी जागा वेगळी मिळते. आमच्या घरी आम्ही असंच केलंय. आणि कधी नवीन लॅपटॉप घ्याल तेव्हा ऑफिस सोबत येतंय का बघा, बऱ्याच मॉडेलना येतं.

मिरज_जंक्शन :

पटलं नाही. शिकवण्या हे उत्पन्नाचं काम आहे आणि होमच्या लायसन्सवर ते बसतं का हे आधी वाचून घ्यायला लागेल. आणि जुन्या फॉन्टचा काला पैसे भरून जाणार आहे का? तो तसाच राहणार. ठिपक्यांची रांग पण तशीच राहणार.

एकशेफुटी_रोड :

फॉन्टचं मान्य. पण वेळेचं मी मागे घेत नाही. एकट्या बाईने रात्री शिकवण्या संपल्यावर हे करायचं म्हणजे सोपं नाही, फुकट फुकट म्हणताना आपण हे विसरतो.

तासगावचा_बेदाणा :

दोघांचं बी बरोबर हाय. माझ्याकडं पोरगं होतं बारावीचं, सुट्टीत बसवलं, पंधरा दिसात समद्या फायली नीट करून दिल्या. विश्रामबागी, तुमची लेक हाय की घरात.

विश्रामबागी :

मंडळी, तीन आठवड्यांनी लिहितोय, मधे सहामाहीचे पेपर होते.

काय केलं ते सांगतो. मशीनवर लिबरऑफिस ठेवलं. ओन्लीऑफिस पण टाकून बघितलं, मुलीला ते आवडलं, तिच्या ग्रुपमधे पॉवरपॉइंटच्या फाइली फिरतात म्हणून ती तेच वापरते, दोन्ही एका मशीनवर सुखाने नांदतायत. सोसायटीची शीट गूगलवर चढवली, चेअरमनना नुसती बघायची परवानगी दिली, या महिन्यात मला फक्त दोन फोन आले. एकशेफुटी दादा, तुमचं वेळेचं बोलणं मी घरी वाचून दाखवलं. त्यावर असं ठरलं की ठिपके काढून टॅब लावायचं काम मुलगी आणि मी करणार, हिने फक्त मजकूर तपासायचा. रविवारी दुपारी दोन तास बसलो. पहिल्या पेपरला चाळीस मिनिटं लागली, पाचव्याला दहा. मग लक्षात आलं की एक पेपर नीट केला की त्याचाच टेम्प्लेट करून ठेवायचा, वर क्लासचं नाव, वेळ, एकूण गुण, उजवीकडे टॅब आधीच लावलेला. आता नवीन पेपर त्यातच टाइप होतो.

फाइल डॉक्सएक्समधेच सेव्ह व्हावी असं लोड-सेव्हच्या सेटिंगमधे करून ठेवलंय, दुसऱ्या शिक्षकांना पाठवायला लागतं म्हणून. सर, हे बरोबर केलं ना? आणि एक नवल झालं. २०१३ च्या गणिताच्या पेपरांतले अपूर्णांक आणि वर्गमुळाची समीकरणं वर्डमधे कित्येक वर्षं डबल क्लिक करूनही उघडत नव्हती, चुकलेला आकडा बदलता यायचा नाही म्हणून ही सगळं समीकरण पुन्हा नव्याने टाइप करायची. लिबरमधे डबल क्लिक केलं तर उघडलं, खाली चौकट आली, आकडा बदलला, झालं. हे कसं काय?

खडूफळा :

वा, हे वाचून फार बरं वाटलं. समीकरणांचं कारण असं की वर्डमधला तो जुना इक्वेशन एडिटर सुरक्षेच्या भगदाडामुळे मायक्रोसॉफ्टने जानेवारी २०१८ च्या अपडेटमधे काढूनच टाकला. समीकरण चित्रासारखं दिसत राहतं पण बदलता येत नाही. लिबर उघडताना त्याचं स्वतःच्या मॅथमधे रूपांतर करतं, म्हणून तुम्हाला बदलता आलं. एकेक समीकरण मूळ छापील पेपराशी ताडून घ्या मात्र, घातांक कधीकधी खाली उतरतो.

डॉक्सएक्सचं म्हणाल तर पाठवायची प्रत डॉक्सएक्स, पण घरची मूळ प्रत ओडीटीमधे ठेवा. तो लिबरचा स्वतःचा फॉरमॅट आहे आणि आयएसओचं मानक आहे २००६ पासून, कुठल्या एका कंपनीच्या मालकीचा नाही. सारखं इकडून तिकडे रूपांतर करत राहिलं की बारीक बारीक मांडणी हलत जाते. फोल्डर दोन करा, एक 'मूळ' आणि एक 'पाठवलेले'.

विश्रामबागी :

आजच करतो. मूळचा फोल्डर ड्राइव्हवर पण चढवतो, गावभागांनी लिहिलेलं बहिणीचं वाचल्यापासून ते डोक्यात आहे.

हिचा निरोप : "खडूफळा सर, ल आपल्या वळणाचा आला. परवाच्या पेपरला एका मुलीने विचारलं, बाई, या वेळी पेपर पुस्तकासारखा दिसतोय."

औदुंबर :

धागा वाचून मी पण टाकलं. माझी अडचण वेगळी आहे, प्रिंट काढताना शेवटची ओळ कापली जाते. कागद कुठे बदलायचा?

मिरज_जंक्शन :

फॉरमॅट, पेज स्टाइल, तिथे लेटर असेल, ते ए फोर करा. प्रिंटरच्या सेटिंगमधे पण ए फोरच पाहिजे, दोन्हीकडे एकच असू दे.

औदुंबर :

झालं. धन्यवाद.